आग आठवते, धूळ नाही

फाउंड्रीत उभी हयात घालवलेल्या माणसाला त्या कामाविषयी विचारलं, तर तो आगीविषयी बोलतो. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावात कुठल्याही निवृत्त मोल्डरला गाठा. भट्टी कशी फोडायचे, वितळलेल्या लोखंडाने भरलेली लाडल उचलताना मनगटाचा कसा कस लागायचा, उडालेल्या एका थेंबाने चप्पल कशी भोकसली, हे तो हातवारे करत सांगेल. पँट वर सारून पोटरीवरचा डाग दाखवेल. पण त्याच माणसाचे कामाचे बहुतेक तास आगीसमोर गेलेले नसतात, वाळूत गेलेले असतात. वाळू चाळायची, भिजवायची, साच्यात कुटायची, ओतकाम झालं की साचा मोडायचा, कास्टिंगला चिकटलेली वाळू ठोकून, घासून काढायची. या वाळूबद्दल तो आपणहून काही सांगत नाही. खोदून विचारलं तर हसतो. धुळीचं काय सांगायचं?

या हसण्याकडे गंभीरपणे बघायला हवं. जुन्या कामगारांच्या आठवणी गोळा कराव्यात, त्या फार मोलाच्या असतात, असं म्हणणारे बरेच भेटतात. ते खरंही आहे. पण आठवणी नुसत्या टिपून घेतल्या तर भट्टीच्या पराक्रमांचा एक देखणा संग्रह हाती येईल आणि त्या कामाने माणसाच्या शरीराचं काय केलं, हे त्यात कुठेच नसेल. आठवण खोटं बोलत नाही. ती निवड करते. पोलाद आणि बीड (ओतीव लोखंड) यांच्या धंद्यात ही निवड नेहमी आगीच्या बाजूने होते.

त्याआधी कोल्हापुरात हा धंदा आला कसा, ते बघू. इथे कोळसा नाही, पोलादाचा मोठा कारखाना नाही, बंदर हाताशी नाही. तरी जिल्ह्यात सुमारे ३०० फाउंड्र्या आहेत आणि देशातल्या ट्रॅक्टरच्या, ट्रकच्या, पंपांच्या असंख्य सुट्या भागांचा जन्म इथल्या वाळूत होतो. याचं मूळ उसात आहे. पंचगंगेच्या खोऱ्यात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पडले, नदीत पाणी अडलं. ते शेतात चढवायला ऑइल इंजिन लागलं, गुऱ्हाळाचा चरक फिरवायलाही इंजिन लागलं. इंजिन म्हटलं की ते बिघडणार. सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत ऊस वाळून जाणार. मग तो भाग इथेच ओतून, इथेच लेथवर चढवून बसवणारे मिस्त्री तयार झाले आणि सुटे भाग करता करता अख्खं इंजिन करू लागले. जवळच, १९१० साली, लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसवली होती. तिथल्या लोखंडी नांगरांनी या भागाला ओतीव लोखंडाची सवय लावलीच होती. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली तेव्हा शाहू महाराजांनी जुन्या तोफा नांगरासाठी किर्लोस्करांना दिल्या, ही हकिकत कोल्हापूरकर आजही छाती पुढे काढून सांगतात.

पुढे खेड्यापाड्यांत वीज पोहोचली. इंजिनाची जागा मोटारीने घेतली आणि ऑइल इंजिनाचा बाजार ओसरला. दुसरं एखादं गाव बसलं असतं. कोल्हापूरने तेच साचे, तीच वाळू आणि तीच माणसं घेऊन वाहनउद्योगाकडे मोर्चा वळवला. हे सगळं सांगताना म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार या इथल्या जुन्या उद्योजकांची नावं आदराने घेतली जातात, आणि ती घ्यायलाच हवीत. पोवारांच्या नावाचं तर नगरच शहरात आहे. किर्लोस्करांबद्दल मराठीत आणि इंग्रजीत पुस्तकं आहेत. पण उद्योजकाची गोष्ट ही कल्पनेपासून सुरू होते आणि कारखान्याच्या फाटकाशी संपते. फाटकाच्या आत रोज आठ तास काय चाललं होतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर पुस्तक निघालेलं नाही.

आत काय चाललं होतं?

जुन्या फाउंड्रीचं हृदय म्हणजे क्युपोला: पोलादी पत्र्याचा उभा नळा, आतून अग्निरोधक विटांचं अस्तर. तळाला लाकडं पेटवायची, त्यावर हार्ड कोकचा थर, मग बीडचे तुकडे, भंगार, चुनखडी, पुन्हा कोक. माल पाट्यांनी वर चढवायचा आणि नळ्याच्या तोंडातून आत टाकायचा. खालून ब्लोअरची हवा सुरू झाली की भट्टी गुरगुरू लागते. हवेच्या नळीला छोटी खिडकी असते, तिच्यावर निळी काच. त्या काचेतून बघत भट्टीवाला पहिल्या वितळलेल्या थेंबांची वाट बघतो. थेंब पडू लागले की थोड्या वेळाने सळईने मातीचा बोळा फोडायचा आणि सुमारे १,४०० अंश सेल्सिअसचा पिवळसर पांढरा प्रवाह पन्हळीतून लाडलमध्ये घ्यायचा. लाडलच्या दांड्याला दोन्हीकडून दोघं धरतात. पावलं जुळवून, न बोलता, साच्यांच्या ओळीमधून जायचं आणि धार मोडू न देता ओतायचं. धार मध्येच तुटली की जॉब बाद.

भट्टीवाल्याचं ज्ञान काय दर्जाचं होतं, हे सांगायला दोन गोष्टी पुरेत. एक स्लॅग. ती काचेसारखी, हिरवट आली तर भट्टी नीट चालली आहे. काळी, जड आली तर हवा जास्त झाली, लोखंड जळतं आहे. दुसरी पाचर. ओतण्यापूर्वी थोडा रस पाचरीच्या आकाराच्या लहान साच्यात घालायचा, गार करायचा आणि हातोड्याने मोडायचा. मोडलेल्या तोंडाची पांढरी कड किती जाड आहे ते बघायचं. कड जाड असेल तर ते लोखंड काचेसारखं कडक होणार, लेथवर चढवलं की टूल मोडणार, आणि लेथवाला शिव्या घालत फाउंड्रीत येणार. म्हणून लाडलमध्ये मूठभर फेरोसिलिकॉन टाकायचं. आज हेच काम स्पेक्ट्रोमीटर करतो. मिनिटभरात कार्बन, सिलिकॉन, मँगेनीज, गंधक यांचं प्रमाण कागदावर उमटतं. यंत्र अधिक अचूक आहे, यात वाद नाही. पण सातवी-आठवी शिकलेला, खेड्यातून सायकलने येणारा माणूस धातूचं तोंड वाचत होता आणि त्याच्या वाचनावर शहराचा धंदा चालत होता, हेही तितकंच खरं. या माणसाला सरकारी कागदावर ‘अर्धकुशल’ म्हणत असत. मराठी प्रशासनाच्या शब्दकोशातला हा एक विनोदच म्हणायचा.

आता मुद्दा असा, की छोट्या फाउंड्रीत क्युपोला रोज पेटत नसे. चार-पाच दिवस साचे करायचे आणि एक दिवस भट्टी लावायची, असा बऱ्याच ठिकाणी शिरस्ता होता. भट्टीच्या दिवसाला सणाची धांदल असे. त्या दिवशी सगळे एकत्र, सगळ्यांचं लक्ष एका जागी. चूक झाली तर सगळ्यांसमोर आणि निभावलं तर तेही सगळ्यांसमोर. पावसाळ्यात जमीन ओली असेल आणि रस सांडला, तर पाण्याची एका क्षणात वाफ होते, तिचं आकारमान पाण्याच्या सुमारे १,७०० पट होतं, आणि वितळलेलं लोखंड छपरापर्यंत उसळतं. दिवसाच्या शेवटी क्युपोलाचा तळ पाडायचा: दरवाजे उघडले की लालभडक कोकचा ढीग जमिनीवर कोसळतो आणि त्यावर पाणी मारलं की सगळी शेड वाफेने भरून जाते. अशा दिवसाची आठवण राहणार नाही तर काय? उरलेले चार-पाच दिवस एकसारखे. गुडघ्यावर बसून साचा भरायचा, दुसरा भरायचा, तिसरा भरायचा. त्या दिवसांत सांगण्यासारखं काही घडत नसे. धूळ त्याच दिवसांत होती.

रोलिंग मिलमध्ये काम केलेल्या माणसांच्या आठवणींनाही हाच आकार असतो. जालन्याच्या जुन्या री-रोलिंग मिलमध्ये लाल तापलेला बार रोलमधून सपकन बाहेर येई, समोर उभा असलेला माणूस तो चिमट्याने पकडून पुढच्या फटीत घाली, पलीकडचा त्याला परत धाडी. बार चुकला, वळला, तर तो कुणाच्या पायाभोवती वेढा घालील याचा भरवसा नसे. त्या बारबद्दल माणसं तासभर बोलतात. भिलाईच्या पोलाद कारखान्यात विदर्भातून गेलेली हजारो मराठी कुटुंबं आहेत. तिथल्या निवृत्तांच्या बोलण्यात ४ फेब्रुवारी १९५९ हा दिवस येतो, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली तो. आणि १२ जून २०१४ हा येतो, वायुगळतीत सहा जण गेले तो. एक दिवस अभिमानाचा, एक शोकाचा. दोन्ही घटना आहेत, दोन्हींना तारीख आहे. तारीख नसलेल्या गोष्टी बोलण्यात येत नाहीत.

आठवणी बेभरवशाच्या असतात, म्हणून इतिहासाला त्यांचा उपयोग नाही, असा एक आक्षेप आहे. त्याचं उत्तर इटलीतल्या तेर्नी या पोलादी शहरातून मिळालं आहे. तिथे १७ मार्च १९४९ रोजी, इटलीच्या नाटोप्रवेशाविरुद्ध कामगार कारखान्यातून बाहेर पडले असताना, लुइजी त्रास्तुल्ली हा एकवीस वर्षांचा पोलाद कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने जुन्या कामगारांच्या मुलाखती घेतल्या, तेव्हा अनेकांनी हा मृत्यू १९५३ सालचा म्हणून सांगितला. त्या वर्षी सुमारे २,००० कामगारांना काढून टाकलं होतं आणि रस्त्यावर चकमकी झाल्या होत्या. पोर्तेल्लीने ही चूक खोडून टाकली नाही. त्याने विचारलं, इतक्या जणांनी एकच चूक का करावी? १९४९ सालच्या मृत्यूचं उत्तर कामगारांना देता आलं नव्हतं, ती बोच मनात होती. आणि १९५३ साली ते खरोखर लढले होते. मग आठवणीने त्या मृत्यूला हलवून लढ्याच्या शेजारी नेऊन ठेवलं, म्हणजे तो वाया गेला नाही असं वाटेल. पोर्तेल्लीच्या या निबंधाने मौखिक इतिहासाची दिशा बदलली, ती यामुळे की चुकीची आठवणही माहिती देते, हे त्याने दाखवून दिलं.

कोल्हापूरसाठी हा धडा एक पाऊल पुढे न्यावा लागेल. तेर्नीच्या कामगारांनी घटना हलवली होती. इथे घटनाच नाही. सिलिकाची धूळ छातीत शिरते तो दिवस कुठल्या कॅलेंडरवर नसतो. फाउंड्रीची वाळू मुख्यतः सिलिका असते. आख्खा कण तसा फार त्रास देत नाही; तो नाकात अडकतो, शिंकेसरशी बाहेर पडतो. पण वितळलेल्या लोखंडाच्या उष्णतेने कण तडकतात. साचा मोडताना, हातोडा मारताना, ग्राइंडरवर कास्टिंग घासताना ते आणखी बारीक होतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. घातक कण १० मायक्रॉनच्या आतले, डोळ्यांना न दिसणारे. म्हणजे उन्हाच्या तिरिपेत नाचताना दिसते ती धूळ तुलनेने बरी, आणि खरी वाईट धूळ दिसतच नाही. ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथे वण तयार करते. सिलिकोसिसची लक्षणं दिसायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात. तोवर माणसाने काम सोडलेलं असतं किंवा दुकानं बदललेली असतात. झालेला वण परत जात नाही, आणि अशा छातीला क्षयाची लागण लवकर होते. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने स्फटिकी सिलिका कर्करोगकारक ठरवली, ते आणखी वेगळं.

हे ज्ञान काही नवं नव्हतं. ब्रिटनने कास्टिंग साफ करायच्या ब्लास्टिंगमध्ये वाळू वापरायला १९४९ च्या नियमांनी बंदी घातली. भारताच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात सिलिकोसिस हा कळवलाच पाहिजे अशा रोगांच्या यादीत होता. असा रुग्ण दिसला तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं, अशी तरतूद होती. पण तो मूळ कायदा वीज वापरणाऱ्या आणि १० किंवा अधिक माणसं असलेल्या जागेला लागू होता. उद्यमनगरच्या किती शेडमध्ये नऊच माणसं कामाला असत, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

धुळीची एक आठवण मात्र न विचारता निघते. ती गुळाची. धुळीच्या धंद्यात कामगारांना गूळ द्यायची रीत देशभर आहे. गूळ खाल्ला की घशातली, छातीतली धूळ पोटात उतरून निघून जाते, अशी समजूत. गुळाच्या जिल्ह्यात ती जरा अधिकच घट्ट असायची. ही अगदीच भाकडकथा आहे असंही नाही. लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून १९९४ साली प्रबंध छापला, गुळामुळे फुप्फुसातले कण बाहेर सरकायला मदत होते असं त्यात म्हटलं होतं. पण उंदरांवरच्या एका प्रयोगाच्या आधारावर गुळाच्या खड्याला मास्कची जागा देता येत नाही. मास्क महाग होता अशातलाही भाग नाही. गूळ देणं ही आपुलकी वाटते, मास्क देणं म्हणजे इथे धोका आहे हे कबूल करणं. गूळ दिल्याची आठवण म्हणूनच गोड राहिली. मालक चांगला होता, वेळेला गूळ द्यायचा, असं कामगारच सांगतात, आणि ते मनापासून सांगतात.

याच ठिकाणी आठवण ही हळव्या मनाची बाब राहत नाही, ती वैद्यकीय साधन होते. सिलिकोसिसचं निदान नुसत्या एक्स-रेवर होत नाही. छातीच्या चित्रावरचे डाग क्षयाच्या डागांशी गल्लत व्हावी असे असू शकतात. डॉक्टरला रुग्णाचा कामाचा इतिहास लागतो: कुठे, किती वर्षं, नेमकं काय करत होता. इटलीच्याच बेर्नार्दिनो रामाझ्झिनीने १७०० साली कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि वैद्यांना सल्ला दिला, की रोग्याला नेहमीचे प्रश्न विचारून झाले की आणखी एक विचारा, तुझा धंदा काय? सव्वातीनशे वर्षं झाली. आपल्याकडच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात अजून ‘मजुरी’ किंवा ‘शेती’ असं लिहून काम भागतं. फाउंड्रीतून बाहेर पडून वीस वर्षं गावाकडे शेती करणारा माणूस स्वतःही ‘शेती’ असंच सांगणार. तो खोटं सांगत नाही. धूळ त्याला आठवतच नाही, आणि डॉक्टरला विचारायचं सुचत नाही. मग खोकला क्षयाच्या खात्यात जातो. औषधाचा कोर्स होतो, पुन्हा होतो. धंद्याच्या खात्यावर काहीच लागत नाही.

राजस्थानने २०१९ साली सिलिकोसिसबाबत स्वतंत्र धोरण आणलं. खाणकामगाराला प्रमाणपत्र मिळालं की ३ लाख रुपये आणि त्याच्या मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख, अशी त्यात सोय होती. पैसे किती, हा भाग सोडा. त्या धोरणामागे दगडफोड्या माणसांना आणि त्यांच्यासाठी भांडणाऱ्या संघटनांना वर्षानुवर्षं एकच गोष्ट करावी लागली: मी अमुक खाणीत अमुक वर्षं दगड फोडला, हे पुन्हा पुन्हा सांगत राहणं. कोल्हापूरचा मोल्डर त्या रांगेत उभा राहत नाही, कारण तो स्वतःला दगडफोड्याच्या ओळीत बसवत नाही. तो कारागीर आहे.

हा अभिमान समजून घ्यायला हवा. कोल्हापूरकराला रग दाखवायला आवडतं. तालमीत मेहनत केलेल्या अंगाने लाडल उचलायची, अनवाणी भट्टीसमोर उभं राहायचं, यात एक बडेजाव होता. आणि तो मालकाने दिलेला नव्हता, माणसांनी एकमेकांत कमावलेला होता. तोंडाला फडकं बांधणाऱ्याची चेष्टा होई. चटका बसला तर तो दाखवायचा, खोकला आला तर तो लपवायचा. चटका म्हणजे शौर्य, खोकला म्हणजे अशक्तपणा. म्हणून या लोकांना जाऊन ‘तुमच्या कामाने तुमचं वाटोळं केलं’ असं शहरी थाटात ऐकवणं हा उर्मटपणा होईल. त्यांचं कौशल्य खरं होतं, त्यांचा आनंदही खरा होता. अडचण एवढीच, की ही रग ज्यांच्या फायद्याची ठरली त्यांना संरक्षणावर खर्च करावा लागला नाही. कामगाराचा अभिमान हा मालकाच्या ताळेबंदात न दाखवलेली बचत होती. हे वाक्य काही फाउंड्रीमालकांना झोंबेल. झोंबू दे. त्यांच्यातले कितीतरी स्वतः लेथवर, साच्यावर हात काळे करून वर आलेले आहेत आणि धूळ त्यांच्याही छातीत गेली आहे.

मुंबईच्या गिरणी कामगाराचं नशीब या बाबतीत थोडं बरं. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिरण्या बसल्या. ही घटना होती, तिला तारीख होती. तिच्याभोवती जयंत पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक उभं राहिलं, नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी माणसांना बोलतं करून गिरणगावाचा मौखिक इतिहास सिद्ध केला. त्याच्या कितीतरी आधीपासून नारायण सुर्व्यांची कविता होतीच. कोल्हापूरचीही एक गिरणी होती, शाहू महाराजांनी १९०६ साली सुरू केलेली. तिच्या भोंग्याविषयी शहर अजून बोलतं. फाउंड्रीचा असा शेवट झालाच नाही. ती बंद पडली नाही, फक्त बदलली. क्युपोला गेल्या, इंडक्शन भट्ट्या आल्या. शेड उद्यमनगरातून शिरोलीला, कागलच्या पंचतारांकित वसाहतीला गेल्या. ज्या धंद्याचं मरण होत नाही, त्याच्या जुन्या माणसांची आठवण कुणाला येत नाही. जर्मनीतल्या फ्योल्कलिंगेनचा लोखंड कारखाना १९८६ साली बंद पडला आणि १९९४ साली जागतिक वारसा झाला. तिथे पर्यटक झोतभट्ट्या बघायला जातात. तिथेही जपून ठेवली ती आगीची वास्तूच, धूळ कुठल्या काचेच्या पेटीत ठेवणार?

कागदाचा मुद्दा राहिला. भिलाईच्या निवृत्त माणसाची सेवापुस्तिका असते, कारखान्याच्या रुग्णालयातली फाइल असते. त्याची आठवण चुकली तर कागद सांभाळून घेतो. उद्यमनगरात हयात काढलेल्या माणसाने पाच-सात दुकानं बदललेली असतात. उचल घेतली, फेडली, दुसरीकडे गेला. कुठे हजेरीपटावर नाव होतं, कुठे नव्हतं. भविष्यनिर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेत पेन्शनला दहा वर्षांची नोंदलेली सेवा लागते, आणि सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन ठरली ती महिना १,००० रुपये. एवढ्यासाठीही वर्षं जुळवता जुळवता नाकी नऊ येतात. अमुक साली मी त्या शेडमध्ये होतो, तमुक माझ्या जोडीला लाडल धरत होता, हे सांगणं त्या माणसासाठी स्मरणरंजन नाही. तोच त्याचा दाखला आहे, आणि त्याचा साक्षीदार दर वर्षी म्हातारा होतो आहे.

तेव्हा आठवणी गोळा करायच्या तर प्रश्न बदलले पाहिजेत. भट्टी कशी होती, हे विचारायला नको. ते तो सांगणारच. साचा मोडायच्या वेळी शेडचे दरवाजे उघडे असत की बंद? ग्राइंडरवर कोण बसे, आणि तो किती वर्षं टिके? साच्याच्या आतल्या गाभ्याच्या, म्हणजे कोअरच्या वाळूत जवसाचं तेल घालत की साखर कारखान्याची मळी, आणि भाजताना धूर कुठे जाई? घरी गेल्यावर कपडे कोण झटके? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बायकोकडे असतं, म्हणून तिलाही बसवून घ्यायला हवं. आगीच्या गोष्टी माणसं आपल्या मर्जीने सांगतात. धुळीच्या गोष्टी अशा बारीक, कंटाळवाण्या प्रश्नांनीच निघतात. हे काम शिवाजी विद्यापीठाच्या समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी करावं की डॉक्टरांनी, हा वाद निरर्थक आहे. दोघांनी एका टेबलाशी बसून करावं.

आजच्या मोठ्या फाउंड्र्या वेगळ्या आहेत, हे मान्य करायलाच हवं. वाळू यंत्राने फिरते, साचे यंत्राने भरतात, धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसते, कारण गाड्या बनवणारी कंपनी आपली माणसं तपासणीला पाठवते. पण घासकाम, म्हणजे सर्वांत धुळीचं काम, बरेचदा कंत्राटावर बाहेर दिलेलं असतं आणि ते लहान शेडमध्ये होतं. तिथे कोल्हापूरचा पोरगा आता सहसा दिसत नाही. दिसतात ते बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले तरुण. ते चार-सहा वर्षं राहतात, पैसे साठवतात, परत जातात. खोकला त्यांना गावी गेल्यावर लागेल, पंधरा वर्षांनी, जिथे फाउंड्री कुणी पाहिलेली नाही. तिथला डॉक्टर धंदा विचारेल तेव्हा ते सांगतील, महाराष्ट्रात कंपनीत होतो. कंत्राटदाराचं नाव त्यांना आठवेल की नाही सांगता येत नाही; शेडवर बहुधा पाटीच नव्हती.